न्यूट्रल गेला की बल्ब फुटतात, अर्थिंग गेली की काहीच होत नाही. खरा धोका तिथंच आहे

मुखेडमधली एखादी डाळ मिल डोळ्यासमोर आणा. मशिनी सुरू आहेत आणि अचानक ऑफिसमधले बल्ब लख्ख पेटून फटाफट उडतात. कॉम्प्युटरमधून जळका वास येतो. मोटारी मात्र मजेत फिरतायत.

वायरमन येतो, बघतो आणि म्हणतो, "मालक, न्यूट्रल गेलाय."

म्हणजे काय झालं?

डीपीवर 11 हजार व्होल्टची लाईन येते आणि ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज निघतात. कुठल्याही दोन फेजमध्ये साधारण 400 व्होल्ट. तिन्ही वाइंडिंगची टोकं जिथं एकत्र बांधलेली असतात, तिथून निघते चौथी तार, न्यूट्रल. फेज ते न्यूट्रल 230 व्होल्ट. थ्री फेज मोटारीचं काम तीन फेजवर भागतं. बल्ब-कॉम्प्युटरला परतीची वाट म्हणून न्यूट्रल लागतो. तो तुटला की दोन फेजवरचा लोड ते 400 व्होल्ट आपसात वाटून घेतो, आणि ज्या फेजवर लोड कमी तिच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. म्हणून बल्ब फुटले.

आता हिरवी वायर. अर्थिंगबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की करंट जमिनीत मुरतो. मुरत नाही. त्याला परत ट्रान्सफॉर्मरकडेच जायचं असतं, आणि तिथं न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. मोटारीच्या बॉडीवर फेज उतरला, तर त्याला झटकन परत नेऊन फ्यूज उडवणं हे अर्थिंगचं काम.

मग गणित करून बघा. मिलच्या खड्ड्याचा रोध 10 ओहम, डीपीचा 2. 230 भागिले 12, म्हणजे जेमतेम 19 अँपिअर. 32 अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही आणि बॉडीवर 190 व्होल्ट उभे राहतील. मोटार चालूच, हमाल हात लावेपर्यंत कुणाला पत्ता नाही. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा हा रोध आणखी वाढतो. मे महिन्यात खड्ड्यात पाणी ओतणारा म्हातारा वॉचमन वेडा नसतो.

"दोन्ही डीपीवर एकच आहेत, मग मिलमध्येच न्यूट्रल बॉडीला जोडला तर?" हा जुगाड बऱ्याच ठिकाणी दिसतो, कारण न्यूट्रल शाबूत असेपर्यंत तो चालतो. मागं न्यूट्रल तुटला, की बल्बमधून आलेला फेज त्याच जोडावरून प्रत्येक मशीनच्या बॉडीवर उतरतो. खड्डा कमजोर असेल तर संपलंच. न्यूट्रलला टेस्टर लावला आणि तो पेटला, तर समजायचं की मागं कुठंतरी तो तुटलाय.

भारतीय विद्युत नियम 1956 पासून मोठ्या मोटारीच्या सांगाड्याला दोन स्वतंत्र अर्थिंग सांगितल्या आहेत, त्या याचसाठी. एक गंजली तर दुसरी असावी. पण खड्डा कमजोर असला तरी जीव वाचवू शकतो तो आरसीसीबी. जाणारा आणि येणारा करंट तो मोजत बसतो, आणि 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की लाईन तोडतो. मात्र त्याच्या पुढं न्यूट्रल आणि अर्थ कुठं जोडलेले असतील, तर तो सारखा पडत राहतो. मग कुणीतरी वैतागून त्याला बायपास करतं.