नाथसागराकाठी : पायी आणि वल्ह्याने

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, पैठणजवळ गोदावरी अडविण्यात आली आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, तर १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. संत एकनाथांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. सहलीला येणारे बहुतेक जण धरणाची भिंत आणि ज्ञानेश्वर उद्यान पाहून परततात. नाथसागराची खरी ओळख मात्र काठाने पायी हिंडणाऱ्यांना आणि जाणत्या नावाड्यासोबत हळूहळू वल्हवत जाणाऱ्यांनाच होते.

याचे कारण जलाशयाच्या घडणीत आहे. सह्याद्रीतील धरणांचे पाणी डोंगरांच्या कुशीत खोल साठते. नाथसागर पठारावर पसरला आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो, पण त्या मानाने खोली फार नाही. त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि ओल्या गाळाची रुंद पट्टी उघडी पडते. या पट्टीवर शेतकरी गाळपेर करतात. याच गाळात किडे, शंख-शिंपले आणि पाणवनस्पती असल्याने पक्षीही येथेच उतरतात. एका पट्टीवर दोघांचा हक्क, हा येथला जुना तिढा आहे.

१९८६ मध्ये हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, तलवार बदके, थापटे, चक्रवाक आणि कधी रोहितांचे थवे येथे दिसतात. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या एका पाणपक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात. नाथांच्या पैठणला तो शोभतोही! लांबच्या प्रवासाने थकलेल्या पक्ष्यांना दर उड्डाणात साठवलेली चरबी खर्चावी लागते. म्हणून इंजिनाच्या आवाजापेक्षा वल्हे बरे, आणि वल्ह्याची होडीही थव्यावर थेट नेऊ नये.

पाण्याला भुलून चालत नाही. वारा जितक्या लांब मोकळ्या पाण्यावरून वाहतो, तितक्या लाटा मोठ्या होतात. येथे तर मैलोन्‌मैल आडोसा नाही. पहाटे आरशासारखे असणारे पाणी ऊन चढल्यावर खवळते, आणि छोट्या होडीला आडव्या लाटा धोक्याच्या ठरतात. काठावरही सावधगिरी हवी : वरून सुकून भेगाळलेल्या काळ्या मातीखाली गुडघाभर चिखल असतो. गाळ कोठे भक्कम आणि कोठे फसवा, हे पिढीजात मासेमारी करणाऱ्यांना नेमके ठाऊक असते. वाटाड्या हवा तो याचसाठी.

अभयारण्यात शिरण्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. ती वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयाकडून आधीच घ्यावी. होडीत प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवे, पोहता येत असले तरीही. खाऊची वेष्टने परत आणावीत. शहराच्या नळाला येणारे पाणी याच जलाशयातून उपसले जाते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. उजाडताच होडीत बसावे, नऊच्या आत काठाला लागावे आणि उरलेली सकाळ पायी हिंडण्यात घालवावी. मार्चमध्ये पट्टकदंब परतीला लागतात.