ओल कुणामुळे? भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल

नोव्हेंबर उजाडला की इथल्या मराठी ग्रुपांवर एक फोटो हमखास येतो. खिडकीच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके, आणि खाली प्रश्न: "हे कशाने जाईल?" उत्तरंही ठरलेली. कुणी व्हिनेगर सांगतं, कुणी ब्लीच, कुणी 'घर बदल'. मी पीएचडीला आले त्या पहिल्या हिवाळ्यात तोच फोटो माझ्या एजंटला पाठवला होता. उत्तर आलं, की तुमच्या 'स्वयंपाकाच्या शैलीमुळे' हे होतंय, झाकण ठेवून शिजवा. मी ओशाळले आणि दोन आठवडे फोडणी न देता वरण खाल्लं. ठिपके वाढतच राहिले.

आधी फोडणीला निर्दोष सोडवून घेऊ. फोडणी म्हणजे गरम तेल. तिच्या वासाने शेजारी वैतागेल, पण तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच. वाफ येते ती भात उकळताना. आणि शेजारच्या टॉमचा पास्ताही उकळतानाच शिजतो.

मग भिंतीवर पाणी येतं कुठून? वीस अंश सेल्सियसची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सतरा ग्रॅम बाष्प धरू शकते, दहा अंशांची हवा साधारण साडेनऊ ग्रॅम. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, अडीच मीटर उंच अशी तुमची खोली धरा. वीस अंशांना त्या खोलीतली सगळी हवा मिळून फार तर अर्धा लिटर पाणी सामावेल. आता बघा, दोन माणसं रात्रभर झोपली की नुसत्या श्वासातून आणि घामातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. वॉशिंग मशीनमधून काढलेले कपडे रेडिएटरवर वाळत घातले, तर एका लोडमागे दोन लिटरपर्यंत. म्हणजे पाणी हवेत 'राहील' हा पर्यायच नाही. ते घराबाहेर तरी जायला हवं, नाहीतर भिंतीवर तरी बसणार.

भिंत ओली दिसली नाही तरी बुरशी येऊ शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पृष्ठभागालगतची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली की तिला पुरतं. खोलीत वीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता असेल, तर आपल्याला ते अगदी सुखाचं वाटतं. पण बाहेरच्या थंडीने कोपरा पंधरा अंशांवर आला असेल, तर त्याच्यालगत तीच हवा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते. बारा अंशांच्या खाली गेला तर सरळ दव पडतं. कपाटामागे ठिपके आधी येतात ते यामुळेच. तिथे खोलीची ऊब पोचत नाही, म्हणून भिंत गार राहते, आणि हवाही हलत नाही.

इथे आपल्या घरच्या सवयी आपल्याला फसवतात. कोकणात किंवा पुण्यात वाढलेल्या माणसाला ओल म्हणजे पावसाळा. भिंतीला पोपडे, कपड्यांना कुबट वास, पापडांच्या डब्याला घट्ट झाकण. 'बाहेर दमट आहे, खिडकी लाव' हे आपण आईकडून शिकलो, आणि तिथे ते बरोबरच होतं. जुलैत रत्नागिरीच्या हवेत घनमीटरला वीस ग्रॅमच्या वर पाणी असतं. ती हवा घरात घेऊन काहीच वाळणार नाही. पण जानेवारीत लीड्सला पाच अंश आणि नव्वद टक्के आर्द्रता असते, तेव्हा त्या हवेत पाणी असतं जेमतेम सहा ग्रॅम. ती आत येऊन वीस अंशांना तापली की तिची आर्द्रता पस्तीस टक्क्यांवर येते. बाहेर रिपरिप पाऊस चालू असतानाही खिडकी दहा मिनिटं सताड उघडली तर घर कोरडं होतं. मला हे आकडे मांडून बघेपर्यंत पटलं नव्हतं.

पण मग चूक भाडेकरूचीच ठरते का, खिडकी न उघडल्याची? इथे थोडं घरांकडे बघायला हवं.

तुम्ही ज्या लाल विटांच्या, एकमेकांना खेटून उभ्या घरांच्या रांगेत राहता, ती बहुतेक व्हिक्टोरियन काळातली असतात. भिंत नऊ इंची, सलग, आत पोकळी नाही. पोकळीची दुहेरी भिंत सर्रास झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. ती जुनी घरं बांधली तेव्हा प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी होती, आणि धुराड्यातून घरातली हवा दिवसभर वर ओढली जायची. घर गळकं होतं, पण श्वास घेत होतं. १९५२ च्या लंडनमधल्या धुक्यानंतर १९५६ चा क्लीन एअर ॲक्ट आला, पुढे गॅसचं हीटिंग आलं, शेकोट्या बुजवल्या, डबल ग्लेझिंगने फटी बंद केल्या. यातलं प्रत्येक पाऊल शहाणपणाचंच होतं. पण भिंत तीच थंड राहिली आणि हवा जायची वाट बंद झाली. त्यात एका कुटुंबाचं घर पाच विद्यार्थ्यांना भाड्याने दिलं, आणि वीज-गॅसच्या बिलाच्या धास्तीने हीटिंग दिवसातून दोनच तास चाललं. अशा घरात बुरशी आली तर ती कुणाची 'शैली' म्हणायची?

'हे कंडेन्सेशन आहे' असं एजंट इतक्या चटकन का म्हणतो, यालाही इतिहास आहे. १९८५ च्या कायद्यातलं अकरावं कलम घरमालकाला घराचा ढाचा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवायला लावतं. पण दुरुस्ती कशाची? जे मोडलंय त्याची. वेल्समधल्या एका भाडेकरूने टॅफ-इली कौन्सिलवर खटला भरला होता. धातूच्या खिडक्यांवर पाणी साचून घर राहण्यालायक उरलं नव्हतं, हे कुणी नाकारलं नाही. पण कोर्ट ऑफ अपीलने निकाल दिला की खिडक्या मोडलेल्या नाहीत, त्या मुळातच तशा आहेत, म्हणून हा दुरुस्तीचा प्रश्नच नाही. पुढची तीसेक वर्षं 'कंडेन्सेशन' हा शब्द घरमालकांची ढाल झाला. पन्हळ फुटून पाणी आलं तर जबाबदारी त्यांची, हवेतून आलं तर तुमची. इंग्लंडमध्ये ही पळवाट बुजवली ती घर माणसांना राहण्यालायक असलंच पाहिजे असं सांगणाऱ्या २०१८ च्या कायद्याने. तो २० मार्च २०१९ पासून लागू आहे. आता काही मोडलेलं असण्याची गरज नाही. ओल आणि बुरशी इतकी असेल की घर राहण्यालायकच नाही, तर तेवढं पुरे.

कायदा आला, पण सवय गेली नाही. रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा मुलगा २१ डिसेंबर २०२० ला गेला, दुसऱ्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनी. त्याचे आईवडील सुदानहून आलेले. वडिलांनी फ्लॅटमधल्या बुरशीची पहिली तक्रार २०१७ मध्ये केली होती, मुलगा जन्माला यायच्याही आधी. उत्तर मिळालं होतं, की वरून रंग मारा. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनविकाराने त्याचा मृत्यू झाला. गृहसंस्थेने त्या कुटुंबाच्या अंघोळीच्या आणि स्वयंपाकाच्या पद्धतींबद्दल गृहीतकं धरली होती, आणि ते चुकल्याचं नंतर कबूलही केलं.

अंघोळीच्या पद्धती! हे वाचलं तेव्हा मला आमच्या न्हाणीघरातली बादली आणि तांब्या आठवला. बादलीभर पाण्याच्या अंघोळीत दहा मिनिटांच्या गरम शॉवरपेक्षा कमीच वाफ होते. पण गणित कुणी विचारतच नाही.

गंमत नाही, पण नोंदवण्यासारखी गोष्ट ही, की त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, इंग्लंडच्या हाउसिंग ओम्बुड्समनने ओल आणि बुरशीवर एक अहवाल काढला होता. त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा जीवनशैलीचा प्रश्न नाही. पुढे २०२३ च्या कायद्यात 'अवाबचा कायदा' आला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना त्याचा पहिला टप्पा लागू झाला. तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत कारवाई, गंभीर ओल-बुरशीची तपासणी दहा कामकाजाच्या दिवसांत. हाच नियम खासगी घरमालकांनाही लावण्याची तरतूद त्याच दिवशी मंजूर झालेल्या रेंटर्स राइट्स ॲक्टमध्ये आहे. तिची तारीख सरकारने नंतर ठरवायची आहे.

तुमच्यापैकी बहुतेक जण खासगी भाडेकरू. मग आत्ता काय? दहा पौंडांच्या आतबाहेर एक आर्द्रतामापक मिळतो, तो घ्या आणि आठवडाभर आकडे टिपा. त्यात तुमचाही भाग दिसेल. खोलीत सतत सत्तरच्या वर दिसत असेल तर कपडे कुठे वाळतायत ते बघा, प्रामाणिकपणे. डाग कुठे आहे तेही बघा. जमिनीलगत मीटरभर उंचीपर्यंत पट्टा असेल तर पाणी खालून चढतंय. पावसानंतर मोठा होत असेल तर पन्हळ किंवा छप्पर. कोपऱ्यात आणि खिडकीभोवती काळे ठिपके असतील तर हवेतलं पाणी. तक्रार ईमेलनेच करा, फोटो आणि तारखेसकट. फोनवर बोललेलं कुणालाच आठवत नाही.

उत्तर आलं नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला लिहा. २००४ च्या हाउसिंग ॲक्टखाली ते घर तपासू शकतात, आणि धोका पहिल्या श्रेणीचा निघाला तर कारवाई करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. इथे बरेच जण थबकतात, व्हिसाच्या भीतीने. आपल्या व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी अट असते, आणि कौन्सिलकडे जाणं म्हणजे तो निधी घेणं असं वाटतं. तसं नाही. त्या यादीत ठरावीक भत्ते आणि घरासाठीची मदत येते. घराची तपासणी मागणं त्यात बसत नाही. दुसरी भीती, घरातून काढतील ही. ती खोटी नव्हती. पण कारण न देता घर खाली करायला लावणारी कलम २१ ची नोटीस इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून बंद. (हो, महाराष्ट्र दिनीच.) स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत, आणि विद्यापीठाच्या हॉलमध्ये किंवा घरमालकाच्याच घरात राहणाऱ्यांचे नियमही.

आणखी एक, जे मला इथे येऊन चार वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे नागरिक असल्यामुळे, कायदेशीर व्हिसावर इथे राहत असाल तर इथल्या निवडणुकांमध्ये मत देऊ शकता, कौन्सिलच्याही आणि पार्लमेंटच्याही. विद्यार्थीसुद्धा. म्हणजे तुमच्या वॉर्डाचा कौन्सिलर तुमचाही कौन्सिलर. त्याच्या भेटीच्या वेळेला 'सर्जरी' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका, तिथे चिरफाड होत नाही.

माझ्या घरी शेवटी कौन्सिलकडून एक बाई तपासणीला आल्या. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलंही नाही. शिडी लावून वरच्या पोकळीत डोकावल्या आणि मला बोलावलं. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनची नळी बाहेर कुठेच जात नव्हती. छपराखालच्या लाकडांवर मोकळी सोडलेली होती, आणि सगळी वाफ तिथून गार होऊन माझ्याच भिंतीत उतरत होती.