पेपरात पहिली, कापडात नापास

लग्नसराईचे दिवस होते. भर दुपारी दार वाजलं. उघडून बघते तर आमच्या शिवणवर्गात पहिली आलेली मुलगी, चेहरा पार उतरलेला. हातातल्या पिशवीत शेजारच्या वहिनींचा पैठणीचा ब्लाउज. "काकू, मुंढा घट्ट झालाय. हात वर होत नाही. आणि कापडही उरलं नाही हो," एवढं बोलेपर्यंत तिचे डोळे भरून आले. वहिनींच्या घरचं लग्न चार दिवसांवर होतं.

मी ब्लाउज उलटा करून पाहिला. शिवणीत जे जादा कापड सोडतात, ज्याला आपण माया म्हणतो, ती जवळजवळ नव्हतीच. उसवून सैल करावा म्हटलं तर वावच नाही.

मला चटकन आठवलं, 'शिवणीत माया का सोडतात?' हा प्रश्न मीच पेपरात घातला होता. या मुलीने त्यावर सुंदर अक्षरात पाच ओळी लिहिल्या होत्या आणि पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते!

त्याच तुकडीत एक आक्का होत्या. वय चाळिशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. घरच्या जुन्या मशीनवर गल्लीतल्या बायकांचे परकर, झबली, ब्लाउज शिवायच्या. त्यांना प्रमाणपत्र हवं होतं, कारण एका ठिकाणी शाळेचे गणवेश शिवायचं काम निघालं होतं आणि तिथे ते मागत होते. पण पेपरात आक्कांना ३१ गुण पडले. पास व्हायला ४० लागत. प्रमाणपत्र मिळालं नाही, कामही गेलं. पुढे भाजीबाजारात दिसल्या तरी त्या नजर चुकवायच्या.

पैठणीचा तो ब्लाउज घेऊन शेवटी मी आक्कांच्याच दारात गेले. त्यांनी तो उजेडात धरला, शिवण उसवली, बाहीच्या आतली दुमड सोडवून त्यातून कापड काढलं आणि बगलेत तिकोनी तुकडा बेमालूम जोडून दिला. पैसे काही घेतले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, हे का नाही विचारलंत परीक्षेला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी बी.ए. झालेली. माझ्या सगळ्या परीक्षा बाकावर बसून, तीन तास पुरवण्या जोडत दिलेल्या. परीक्षा म्हणजे पेपर, एवढंच मला ठाऊक. मंडळाने वर्ग माझ्याकडे सोपवला तेव्हा मीही तेच केलं. मशीनच्या भागांची नावं लिहा, टीप लिहा, फरक स्पष्ट करा. शिवायला शिकवलं आणि परीक्षा मात्र लिहिण्याची घेतली.

खरं तर आपल्या आजूबाजूला चांगली उदाहरणं होतीच की! टायपिंगची सरकारी परीक्षा आठवा. तिथे टाइपरायटरवर निबंध लिहायला सांगत नसत. मशीनसमोर बसवायचे आणि मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा वेग बघायचे, चुका मोजायचे. आयटीआयमध्येही लेखी पेपराच्या जोडीला प्रात्यक्षिक असतंच. केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला, त्यातही माहितीबरोबर प्रत्यक्ष कौशल्य आणि कामाची जबाबदारी घेण्याची तयारी, यांचा विचार आहे. आक्कांसारख्या, शाळेबाहेर काम शिकलेल्यांची पारख करून त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोयही सरकारी कौशल्य योजनेत आहे. आम्हीच मागे राहिलो होतो.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. एक सभासद लगेच म्हणाल्या, "पेपर निदान निःपक्षपाती असतो. शिवण बघून मार्क द्यायचे म्हटलं की तोंडं बघून दिले जातील." बोलणं खोटं नव्हतं. छोट्या गावात प्रत्येकजण प्रत्येकीची कोणी ना कोणी लागतेच! म्हणून आम्ही ब्लाउजवर नाव न घालता नुसत्या क्रमांकाची चिठ्ठी टाचायचं ठरवलं. तपासायला आमच्या बाई आणि बाजारपेठेतले एक जुने शिंपीदादा, दोघांनी वेगवेगळे गुण द्यायचे.

पहिल्याच वेळी फजिती झाली. एकाच ब्लाउजला बाईंनी ८० दिले, दादांनी ४५! कारण आम्ही कागदावर नुसतं 'सफाईदार काम' असं लिहिलं होतं. बाईंना वरून दिसणारी सफाई भावली, दादांनी ब्लाउज उलटा केला होता. मग त्या दोघांना समोरासमोर बसवून आम्ही सफाईचा अर्थ लिहून काढला. टाके सारखे हवेत, इंचाला १० ते १२. हुक आणि काज बरोबर समोरासमोर. दोन्ही बाह्या एका लांबीच्या. आत पुरेशी माया. सुती अस्तर आधी पाण्यातून काढलेलं. आता दोघांच्या गुणांत फारसा फरक पडत नाही. पडलाच तर दोघं पुन्हा एकत्र बघतात.

१०० गुणांची वाटणीही बदलली. माप घेणं २०, बेतणं आणि कापणं २५, शिवण २५, फिटिंग २० आणि वेळ व हिशेब १०. हा तक्ता पहिल्याच दिवशी भिंतीवर लावतो. आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे मुलींना आधीच कळायला नको का? फिटिंगची परीक्षा तर मजेशीर असते. ब्लाउज घालून बाईने फळीवरचा डबा काढल्यासारखे हात वर करायचे, मग खाली वाकायचं. कुठे ओढलं, काचलं, वर सरकलं की लगेच कळतं. शिवाय एकाच अंगाचा ब्लाउज नशिबानेही जमून जातो, म्हणून तीन वेगवेगळ्या बांध्यांचे शिवायला देतो.

शेवटच्या परीक्षेइतकीच कामाची निघाली ती आमची शनिवारची वही. दर शनिवारी बाई प्रत्येकीचं काम बघून लिहितात, काय जमलं, काय राहिलं. इथे गुण नाहीत. चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. माया न सोडायची चूक तिसऱ्या आठवड्यात जुन्या साडीच्या तुकड्यावर सापडली तर तिची किंमत काहीच नाही. तीच चूक पैठणीवर सापडली की काय होतं, ते मी सोसलंय.

लेखी भाग अगदीच काढून टाकला नाही. वहीत माप टिपणं, कापड किती लागेल ते काढणं आणि बिल करणं यायलाच हवं. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांना आम्ही तोंडी विचारतो. पुन्हा परीक्षेला बसायला आक्कांना मी घरी जाऊन बोलावलं, आधी माफी मागितली आणि मग आग्रह केला. शिवणकामात त्यांनी दादांनाही मान डोलवायला लावली. पण हिशेबात गाडी अडली. शिलाई सांगताना त्या अस्तर, हुक, दोरा धरतच नव्हत्या. इतकी वर्षं बिचाऱ्या पदरचं घालत होत्या! म्हणजे त्यांनाही शिकण्यासारखं होतं, फक्त आमच्या जुन्या पेपराने ते कधी दाखवलंच नाही.

या पद्धतीला त्रास आहे, हे कबूल. पेपर एका दिवसात उरकायचा, आता तीन दिवस जातात. कापड लागतं, ते गरीब मुलींना परवडत नाही, म्हणून आम्ही दुकानदारांकडून उरलेले तागे मागून आणतो. पण हातात प्रमाणपत्र देताना आता माझा हात कचरत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, लेकीला, सुनेला कुठल्याही क्लासला घालताना फी विचाराल तेव्हा आणखी एक विचारा, 'परीक्षा कशी घेता?' रुग्णसेवेचा वर्ग असेल तर पेशंट झोपलेला असताना चादर बदलून दाखवायला लावतात का? कॉम्प्युटरचा असेल तर एक अर्ज टाइप करून, छापून हातात देता येतो का? नुसता पेपर आणि फोटोसह प्रमाणपत्र असं उत्तर आलं, तर जरा थांबा.

ती पैठणीवाली मुलगी पुन्हा तीन महिने वर्गाला आली. गेल्या आठवड्यात तिने स्वतः शिवलेला ब्लाउज मला दाखवायला आणला. मी सवयीने आधी उलटा केला. ती हसून म्हणाली, "काकू, मोजा. पुरता इंचभर सोडलाय."