हत्ती बघायला जायचंय? आधी एवढं विचारा

मे महिन्याच्या सुटीतील कौटुंबिक सहल ठरवण्यासाठी मंडळात बैठक झाली, तेव्हा मुलांनी एकच आग्रह धरला : हत्ती बघायचे. एका सभासदांनी मोबाइलवर आलेले पत्रक दाखवले. वर मोठ्या अक्षरांत ‘एलिफंट सँक्च्युअरी’ आणि खाली दर. हत्तीवरून फेरी, हत्तीला आंघोळ, सोंडेने गळ्यात हार, फोटो, दुपारचे जेवण. मी बँकेत छत्तीस वर्षे कागदपत्रे तपासली, म्हणून असेल, ते पत्रक “जरा बघून सांगा हो” म्हणत माझ्याकडे देण्यात आले. त्या निमित्ताने जे वाचले आणि चार ठिकाणी विचारून जे कळले, ते सभासदांसाठी येथे मांडत आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो. १९९४ साली एलएफसी घेऊन आम्ही एका प्रसिद्ध पर्यटनस्थळी गेलो होतो. हत्तीवर बसायला रांग होती. भर उन्हात एक हत्तीण पुढच्या-मागच्या पायांत साखळी घालून उभी होती आणि एकसारखी मान डावीकडे-उजवीकडे हलवत होती. माझी सात वर्षांची मुलगी म्हणाली, “बाबा, ती असं का करतेय?” मी म्हणालो, “अगं, खुशीत आहे, डुलतेय.” आपल्याकडे हत्तीच्या डुलण्याचे कौतुकच होत आले आहे. पुढे बऱ्याच वर्षांनी कळले, की एकाच जागी बांधून ठेवलेला हत्ती असा तासन्‌तास डुलतो तो आनंदाने नव्हे. कोंडमाऱ्याने जडलेली ती सवय आहे. रानात हिंडणाऱ्या हत्तींत ती दिसत नाही. मुलीला दिलेले ते उत्तर मला अजून बोचते.

पाटीवरच्या नावाचा अर्थ

आपण मराठीत ‘अभयारण्य’ म्हणतो त्याला कायद्यात ठरलेला अर्थ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सरकार एखादे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर करते. खासगी माणसाला ते जाहीर करता येत नाही. मात्र इंग्रजीतला ‘सँक्च्युअरी’ हा शब्द कोणीही आपल्या फाटकावर रंगवू शकतो. कर्जदाराच्या दुकानावरची पाटी बघून आपण कधी कर्ज मंजूर केले नाही. ताळेबंद बघितला आणि जागेवर जाऊन पाहणी केली. येथेही तेच करायचे आहे.

हत्ती बघण्याच्या जागा साधारण चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार रानाचा, म्हणजे अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान. तेथे हत्ती मोकळे आणि आपण गाडीत. दुसरा, वनखात्याची हत्तीछावणी. तेथे माणसाळवलेले, कामाचे हत्ती असतात. तिसरा, संगोपन केंद्र. सर्कस, देवस्थान, वरात किंवा भीक मागण्याच्या धंद्यातून सोडवलेले, आजारी, म्हातारे हत्ती येथे ठेवतात. चौथा प्रकार करमणुकीचा. फेरी आणि फोटो हाच त्याचा व्यवसाय, नाव मात्र बहुधा तिसऱ्या प्रकारातले घेतलेले असते.

हत्तीला लागते तरी काय?

मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि शंभर लिटरहून अधिक पाणी पितो. दिवसाचा बहुतेक वेळ त्याचा चालण्यात आणि खाण्यात जातो. हत्तिणी आणि पिल्ले कळपाने राहतात आणि एखादी वयस्कर हत्तीण कळपाला वाट दाखवते. हत्तिणीचे गरोदरपण वीस-बावीस महिन्यांचे असते. म्हणजे चालायला जागा, सोबतीला जातभाई, पाणी, सावली आणि पायाखाली माती एवढी त्याची गरज. काँक्रीटवर उभे राहून तळपायाला भेगा पडतात, नखे सडतात. बांधलेल्या हत्तींच्या आजारांत पायाची दुखणी फार मोठी असतात.

बुकिंगच्या आधी विचारायचे प्रश्न

१. पाहुण्यांसाठी हत्तीला काय करावे लागते? फेरी, फुटबॉल, चित्र काढणे, सलाम ठोकणे यांपैकी काहीही यादीत असेल, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज नाही. हत्ती या गोष्टी आपणहून करत नाही. त्या करून घेण्यासाठी त्याला लहानपणापासून मार आणि भीती दाखवून वाकवलेले असते.

२. आंघोळ कोण घालते? हा प्रकार निरुपद्रवी वाटतो, म्हणून वेगळा लिहितो. माहूत रोज सकाळी आपल्या हत्तीला नदीवर नेऊन घासतो, ते वेगळे. पर्यटकांच्या दर तुकडीसाठी दिवसातून कितीतरी वेळा त्याच हत्तीला पाण्यात बसवणे वेगळे. शिवाय यात धोका आहे. जानेवारी २०२५ मध्ये थायलंडमध्ये हत्तीला आंघोळ घालताना एका स्पॅनिश विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. माणसाचा क्षयरोग हत्तीला आणि हत्तीचा माणसाला होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे.

३. साखळी किती वेळ असते आणि केवढी लांब? “कधीच नाही” असे उत्तर आले तर उलट जरा सावध व्हा; औषधपाण्याच्या वेळी बांधावे लागतेच. पण दिवसाचे किती तास हत्ती मोकळा असतो आणि रात्री कुठे असतो, हे चांगल्या ठिकाणी स्पष्ट सांगतात.

४. हत्ती आले कुठून? प्रत्येक हत्तीचा पूर्वेतिहास सांगता आला पाहिजे. आपल्याकडे १९७७ पासून हत्ती या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची विक्री करता येत नाही. जवळ बाळगायलाही मालकीचा दाखला लागतो. म्हणून “आम्ही विकत घेतला” हे उत्तर पटण्यासारखे नाही. परदेशात एखाद्या जागी दरवर्षी नवे गोंडस पिल्लू दिसत असेल, तर ती जागा सोडवणुकीची नसून पैदाशीची असण्याची शक्यता जास्त.

५. माहूत किती वर्षांपासून त्याच हत्तीबरोबर आहे? या प्रश्नाकडे आपण दुर्लक्ष करतो. ज्या ठिकाणी माहुताला नियमित पगार आणि राहायला घर आहे, तेथे तो हत्तीला जिवाप्रमाणे जपतो. जेथे त्याचे पोट फेऱ्यांच्या संख्येवर आणि बक्षिशीवर चालते, तेथे अंकुश जास्त चालतो.

६. पावती कोणाच्या नावाची मिळते? वनखाते, नोंदणीकृत न्यास की नुसता मोबाइल नंबर? बँकवाल्याचा प्रश्न आहे, पण उपयोगी पडतो.

मग जायचे कुठे?

बेळगावहून सर्वांत सोयीचे म्हणजे शिवमोग्ग्याजवळचे सक्रेबैल. शहरापासून साधारण चौदा किलोमीटरवर, तुंगेच्या गाजनूर धरणाच्या पाण्याकाठी वनखात्याची ही छावणी आहे. येथे सकाळीच पोहोचावे. रात्री जंगलात चरायला सोडलेले हत्ती सकाळी माहुतांबरोबर आंघोळीला येतात, खाणे खातात आणि पुन्हा जंगलाकडे जातात. दुपारी बारानंतर गेलात तर रिकामी जागा बघून परतावे लागेल. कोडगूत कुशालनगरजवळ कावेरीच्या काठी दुबारेची छावणी आहे. नदी ओलांडून जावे लागते, म्हणून पावसाळ्यात भरवसा नाही. तेथे हत्तीला जवळ जाऊन घासण्याचे आकर्षण असते. माझे मत, काठावरूनच बघावे.

या छावण्यांविषयी एक गोष्ट उघड सांगायला हवी. येथील अनेक हत्ती एकेकाळचे रानहत्ती आहेत. शेतीत किंवा गावात घुसलेल्या हत्तीला पकडून जाड ओंडक्यांच्या पिंजऱ्यात ठेवून माणसाळवतात, आणि पुढे त्यालाच दुसरे रानहत्ती पकडण्याच्या कामाला लावतात. म्हैसूर दसऱ्याला साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी आठ वेळा वाहणारा अर्जुन हा असाच छावणीतला हत्ती. डिसेंबर २०२३ मध्ये हासन जिल्ह्यात रानहत्ती पकडण्याच्या मोहिमेत तो मारला गेला. छावणी म्हणजे हत्तींचे वृद्धाश्रम नव्हे. तरीही हत्तींना रोज जंगल मिळते आणि माहुतांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या टिकते, या दोन कारणांसाठी मी तेथे तिकीट काढीन.

तमिळनाडूत मुदुमलईतील थेप्पकाडूची छावणी १९१० पासून आहे. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाला २०२३ मध्ये ऑस्कर मिळाल्यापासून तेथे गर्दी वाढली. नाचणी, कुळीथ, भात, गूळ यांचे मोठे मोठे गोळे करून प्रत्येक हत्तीला त्याच्या प्रकृतीप्रमाणे भरवतात, ते ठरावीक वेळी अंतरावरून बघता येते. मुलांना ते नक्की आवडेल.

पण खरा हत्ती बघायचा तर रानातला. देशात सर्वांत जास्त रानहत्ती कर्नाटकात आहेत, आणि मार्च ते मे हा काळ काबिनीचा आहे. धरणाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत येते आणि नागरहोळे-बंडीपूरच्या जंगलातले कळप तेथे उतरतात. एकाच वेळी आज्या, आया, मावश्या आणि त्यांच्या पायांत घुटमळणारी पिल्ले दिसतात. म्हैसूरपर्यंत रेल्वेने जाऊन पुढे गाडीने दीड-दोन तास. वनखात्याच्या सफारीचे बुकिंग मात्र आधी करावे लागते.

मथुरा-वृंदावनच्या यात्रेला जाणाऱ्यांसाठी मथुरेजवळ वाइल्डलाइफ एसओएस संस्थेचे संगोपन केंद्र आहे. २०१० पासून तेथे सोडवलेले हत्ती ठेवतात, आणि २०१८ मध्ये त्याच्याच शेजारी हत्तींसाठी रुग्णालय सुरू झाले. आधी वेळ घेऊनच जाता येते. फेरी नाही, खेळ नाही.

परदेशी सहलींविषयी थोडक्यात. थायलंडमध्ये १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आली आणि ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले. ते पर्यटनात आले, म्हणून तेथे ‘सँक्च्युअरी’चा सुळसुळाट आहे. वरचे सहा प्रश्न तेथे जास्तच कसोशीने विचारा. श्रीलंकेत जाणार असाल तर उडवलवेचे केंद्र बघा. आईवेगळी पिल्ले वाढवून ती पुन्हा रानात सोडणे हा त्याचा उद्देश, त्यामुळे दूध पाजण्याच्या वेळी कठड्यामागून बघायचे एवढेच. हात लावता येत नाही, आणि तीच तेथील चांगली गोष्ट.

आपल्या घरचा प्रश्न

हे सगळे लांबचे नाही. जोतिबाचा सुंदर हत्ती २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बन्नेरघट्टाला गेला. जुलै २०२५ मध्ये नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला जामनगरच्या वनतारात हलवले, तेव्हा कोल्हापूर-बेळगाव भागातील हजारो माणसे रस्त्यावर आली. आपल्या मंडळातही दोन मते होती, घरातल्या घरात वाद झाले. रडणाऱ्यांचे प्रेम खरे होते. हत्तिणीच्या पायांची आणि एकटेपणाची काळजीही खरी होती. माझ्यापुरते मी एवढेच शिकलो, की आपल्याला हत्ती हवासा वाटतो म्हणून हत्तीला आपण हवेसे असतोच असे नाही. आणि खानापूर, चंदगड, दोडामार्ग भागातील ज्या शेतकऱ्यांच्या केळी-सुपारीच्या बागा हत्तींनी तुडवल्या, त्यांच्यासमोर हत्तीचे कौतुक करताना जरा जपून बोलावे, हेही शिकलो.

सहलीपुरते

ते पत्रक मी नापसंतीचा शेरा मारून परत दिले. कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी आहे : एक सकाळ सक्रेबैलला, मग दोन दिवस काबिनीला. भडक रंगांचे कपडे नकोत, प्लॅस्टिक नको, गाडीत आरडाओरडा नको. केळी, साखर घेऊन जाऊन हत्तीला भरवू नये. माहुताला विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. रानात हत्ती दिसतीलच याची हमी कोणी देत नाही, हे मुलांना निघण्याआधीच सांगून ठेवावे.

माझ्या नातीला मी हे सांगितले. हत्तीवर बसायचे नाही हे ऐकून ती हिरमुसली. “मग आजोबा, हत्ती आपल्याला काय करून दाखवणार?” म्हणाली. मी म्हटले, “काही नाही. तो गवत खाईल, अंगावर माती उडवील, वाटलं तर निघून जाईल.” तिने जरा विचार केला आणि आपली दुर्बीण मागितली.