शब्द मराठी, घडण इंग्रजी

सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या असल्यामुळे, एका भाषेची वाक्यरचना दुसरीत कशी उतरते हे पाहावयाचे झाल्यास याहून सोयीचे शहर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. चाटी गल्लीतला व्यापारी गिऱ्हाइकाशी मराठीत, गुमास्त्याशी कानडीत आणि माल घेऊन आलेल्या पद्मशाली विणकराशी तेलुगूत बोलतो, तेव्हा वाक्याचा कणा त्याला फारसा बदलावा लागत नाही. कर्ता आधी, कर्म मध्ये आणि क्रियापद अखेरीस, हा क्रम तिन्ही भाषांना सारखाच मानवतो. ‘उद्या येतो म्हणून सांगून गेला’ हे वाक्य पाहावे. बोलणाऱ्याचे शब्द त्याच्याच तोंडचे ठेवून मागून ‘म्हणून’ जोडण्याची ही रीत कानडीत ‘अंत’ आणि तेलुगूत ‘अनि’ या शब्दांनी तशीच साधते, आणि भाषाभ्यासक या साम्याकडे दक्षिणेशी घडलेल्या दीर्घ सहवासाची खूण म्हणून पाहतात. हा व्यवहार तोंडातोंडी झाला; म्हणून तो अंगी मुरला.

इंग्रजी मात्र बाजारपेठेतून आली नाही. ती कचेरीतून, शाळेतून आणि छापखान्यातून आली. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापीत, आणि मराठी गद्य पुढे ज्या स्थितीत वाढले तिचे याहून बोलके चित्र मिळणार नाही. मेजर कँडी यांच्या खटपटीने विरामचिन्हे रूढ झाली. १८७४ साली ‘निबंधमाला’ काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर तर जॉन्सन आणि मेकॉले यांच्या वाचनावर पोसलेले. त्यांनी इंग्रजीपासून विचाराची मांडणी आणि दीर्घ वाक्य तोलून धरण्याची कला घेतली, आणि त्या ऋणाबद्दल मराठीने कृतज्ञच असावे. तेव्हा परकी वळणे झाडून सारी त्याज्य, असे माझे म्हणणे नाही. मराठीला जे आधीच उत्तम साधत होते तेच उसने आणण्याची आजची सवय मला खटकते.

‘तो म्हणाला की तो उद्या येईल’ या वाक्यात येणारा बोलणाराच, की तिसरा कोणी? ‘की’ फारसीतून आला आणि कधीच मराठीचा झाला. त्याच्याशी तंटा नाही. परंतु बोलणाऱ्याचा ‘मी’ काढून तेथे ‘तो’ बसविण्याचा इंग्रजीतील नियम शाळेतून येथे येऊन बसल्याने ही संदिग्धता उद्भवली. ‘मी उद्या येतो, असे तो म्हणाला’ यात तिला जागाच नाही. ‘तो विणकर, ज्याने ही चादर विणली’ हीदेखील तशीच उलटी घडण. ‘ज्याने ही चादर विणली तो विणकर’ किंवा ‘ही चादर विणणारा विणकर’ हे आपले सरळ मार्ग. ‘मला दोन भाऊ आहेत’ याऐवजी ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’, ‘तो चांगला माणूस आहे’ याऐवजी ‘तो एक चांगला माणूस आहे’, आंघोळ ‘करण्या’ऐवजी ‘घेणे’, अशी लहानसहान उदाहरणे कोणत्याही घरात ऐकावयास मिळतील.

सर्वांत खोल शिरकाव झाला तो प्रयोगात. ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला’ या घडणीला व्याकरणाच्या पुस्तकांनी ‘नवीन कर्मणी’ असे नावही दिले असून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी ते पाठ करतात. वस्तुतः ‘पोलिसांनी चोर पकडला’ हे साधे वाक्यच कर्मणी प्रयोगाचे आहे. क्रियापद पोलिसांच्या नव्हे, चोराच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, म्हणून टोळी असेल तर ‘पकडली’ आणि चोरटे असतील तर ‘पकडले’. कर्ता मुळीच सांगावयाचा नसेल, तर त्याचीही तजवीज मराठीने जोडीच्या क्रियापदांत करून ठेवली आहे: फोडणे आणि फुटणे, तोडणे आणि तुटणे, पकडणे आणि सापडणे. ‘काच फुटली’, ‘चोर सापडला’ एवढ्याने काम भागत असता ‘फोडली गेली’, ‘पकडला गेला’ यांचे ओझे वाक्याने का वाहावे?

याच वृत्तीला इंग्रजी हुकमांच्या तर्जुम्यांनी सरकारी दफ्तरात बळ दिले. ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले असल्याने उद्याचा पाणीपुरवठा स्थगित करण्यात येत आहे, याची नोंद घेण्यात यावी’, अशा घडणीचे जाहीर निवेदन सोलापूरकरांना नवे नाही. तीन क्रियापदे, आणि एकालाही कर्ता नाही. हीच बातमी शेजारीण ‘पाइप फुटली, उद्या पाणी सोडत नाहीत म्हणे’ अशी सांगते. तिच्या वाक्यात काय फुटले, काय होणार आणि हे ऐकीव आहे, या तिन्ही गोष्टी येतात. ‘म्हणे’ या एका शब्दाने ती आपली साक्ष किती पक्की तेही सांगून टाकते. कचेरीला अर्थातच ऐकीव लिहून चालणार नाही. पण ‘आम्ही जलवाहिनी दुरुस्त करीत आहोत, म्हणून उद्या पाणी सोडणार नाही’ असे लिहून खाली अधिकाऱ्याने सही केल्यास कोणत्या कायद्याला बाध येतो? ‘आम्ही’ म्हणणारी कचेरी कोणती, आणि परवाही नळ कोरडा राहिला तर तक्रार कोणाच्या मेजावर ठेवावयाची, हे निदान नागरिकाला त्या कागदावरून कळेल.