कामेन रायडर फोर्झे

जपानी दूरचित्रवाणीवरील शालेय जीवनावर आधारलेली एक अतिमानवी नायकाची कथामालिका. ‘टीव्ही आसाही’ या वाहिनीवर ती दर रविवारी सकाळी प्रक्षेपित होत असे. पहिला भाग ४ सप्टेंबर २०११ रोजी व अखेरचा २६ ऑगस्ट २०१२ रोजी दाखविण्यात आला. एकूण भाग ४८. निर्मिती ‘तोएई’ या चित्रपटसंस्थेची. मुख्य पटकथाकार काझुकी नाकाशिमा हे मूळचे नाटककार. प्रमुख दिग्दर्शक कोइची साकामोतो यांची कारकीर्द अमेरिकेतील ‘पॉवर रेंजर्स’ या मालिकांत घडली होती. अमेरिकन शालेय चित्रपटांची जी छाया या मालिकेवर दिसते, तिच्याशी हा अनुभव सुसंगतच आहे.

‘कामेन’ म्हणजे मुखवटा. मुखवटाधारी मोटारसायकलस्वाराची ही कल्पना चित्रकथाकार शोतारो इशिनोमोरी (१९३८–९८) यांची असून तिच्यावरील पहिली मालिका ३ एप्रिल १९७१ रोजी सुरू झाली. तिचा नायक होंगो ताकेशी याचे दुष्ट संघटनेने अपहरण करून त्याच्या शरीरात यंत्रे बसविलेली असतात. शत्रूने दिलेल्या शक्तीनेच शत्रूशी लढणारा आणि त्यामुळे माणसांत असूनही एकाकी असा हा नायक होता. परंपरेच्या चाळिसाव्या वर्षी आलेल्या ‘फोर्झे’मध्ये नेमका हा एकाकीपणाच उलटा करण्यात आला. फोर्झे या नावात चार व शून्य, म्हणजेच चाळीस, या संख्येचा निर्देश आहे. यूरी गागारिन यांच्या १९६१ मधील अंतराळप्रवासासही त्याच वर्षी पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. नायकाचा पांढरा, अंतराळवीरासारखा पोशाख आणि अग्निबाणाच्या टोकासारखे शिरस्त्राण यांचा उगम या योगायोगात आहे.

कथा घडते ती अमानोगावा नावाच्या उच्च माध्यमिक शाळेत. ‘अमानोगावा’ याचा शब्दशः अर्थ स्वर्गातील नदी, म्हणजेच आकाशगंगा. पात्रांच्या नावांतही आकाश डोकावते : नायक किसारागी गेंतारो याच्या आडनावाच्या लिपीचिन्हांत चंद्र आहे, तर त्याचा सहकारी उताहोशी केंगो याच्या आडनावात तारा. शाळेच्या वापरात नसलेल्या एका खोलीतील कपाटाचे दार उघडले, की थेट चंद्रावरील तळावर पोहोचता येते. या तळाला ‘रॅबिट हॅच’, म्हणजे सशाचे खुराडे, असे नाव आहे. चंद्रावरील डागांत ससा पाहण्याची कल्पना जपानी लोकांत रूढ असून तेथील ससा उखळात भात कुटून मोची करीत असतो. चंद्राला शशी किंवा शशांक म्हणणाऱ्या भारतीय वाचकाला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पहिल्या भागाचे शीर्षक ‘सेइशुन हेनशिन’, म्हणजे तारुण्य व रूपांतर, असे आहे. मालिकेतील प्रत्येक भागाचे शीर्षक चार चित्राक्षरांचे असते. भागाच्या आरंभीच गेंतारो हवेत उडालेले एक प्रेमपत्र वाचविण्यासाठी पुलावरून उडी घेतो. पत्र ज्याच्यासाठी असते त्या केंगोला मात्र ते नको असते. तो त्या अगांतुक परोपकाराने चिडतो. नायक आणि त्याचा सर्वांत जवळचा मित्र यांची ओळख अशी भांडणाने होते. गेंतारो हा या शाळेत नव्याने दाखल झालेला विद्यार्थी. इतर मुले आधुनिक धर्तीच्या गणवेशात असताना हा मात्र आखूड काळा ‘गाकुरान’ घालून आणि केसांचा उंच फुगा काढून वर्गात येतो. १९७०–८० च्या सुमारास जपानी शाळांतील उनाड, बंडखोर मुलांची ही वेशभूषा होती व २०११ मध्ये ती केव्हाच मागे पडली होती. दिसायला गुंड असलेल्या या मुलाची प्रतिज्ञा मात्र अशी, की शाळेतील प्रत्येकाशी आपण मैत्री करणार.

ही प्रतिज्ञा भाबडी वाटते, पण ती ज्या शाळेत केली जाते तेथे तिला अर्थ आहे. अमानोगावातील विद्यार्थी उतरंडीत बसविलेले आहेत. अमेरिकन फुटबॉल संघाचा कर्णधार दाइमोन्जी शुन हा ‘राजा’. चिअरलीडर पथकाची प्रमुख काझाशिरो मिउ ही ‘राणी’. त्यांच्या भोवती खुशमस्करे, आणि तळाशी कोणाच्याच खिजगणतीत नसलेली मुले. ही रचना जपानी शाळेपेक्षा अमेरिकन चित्रपटातील शाळेला अधिक जवळची आहे. बहुतेक जपानी शाळांत अमेरिकन फुटबॉलचे एवढे प्रस्थ नसते. तथापि वर्गातील अदृश्य प्रतवारी ही जपानची स्वतःची चिंताही होती. या प्रतवारीला जपानीत ‘सुकूरु कासुतो’, म्हणजे शालेय जातिव्यवस्था, असे म्हणतात. शो सुझुकी या अभ्यासकाचे या विषयावरील पुस्तक २०१२ मध्ये, मालिका संपली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. शाळांतील छळाला आळा घालणारा कायदा जपानी संसदेने २०१३ मध्ये संमत केला. ‘जात’ हा शब्द येथे अर्थातच उसना आहे. जन्माने लाभणारी व पिढ्यान्‌पिढ्या न सुटणारी जात आणि तीन वर्षांनी शाळेबरोबर संपणारी प्रतवारी यांची तुलना फार ताणता येत नाही. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती तीन वर्षेही जन्मभराएवढी वाटतात, आणि मालिकेने नेमके हेच पकडले आहे.

कारण येथील दैत्य बाहेरून येत नाहीत. मनात सल असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती गुप्तपणे एक कळ दिली जाते. ती दाबताच तो ‘झोडिआर्ट्स’ नावाचा, एखाद्या तारकासमूहाच्या रूपातील राक्षस बनतो. पहिल्या दोन भागांतील राक्षस मृगनक्षत्राचा (ओरायन) असून तो असतो दाइमोन्जीच्याच संघातील मिउरा हा खेळाडू. शारीरिक दुर्बलतेमुळे केंगोला स्वतः लढता येत नाही. तेव्हा त्याच्याजवळचा यंत्रपट्टा गेंतारो कमरेला बांधतो आणि त्याचे फोर्झेमध्ये रूपांतर होते. पट्ट्यावर वर्तुळ, फुली, त्रिकोण व चौकोन या चिन्हांच्या चार खाचा असून त्यांत बसविलेल्या कळांनी अनुक्रमे उजवा हात, उजवा पाय, डावा पाय व डावा हात यांवर निरनिराळी यंत्रे प्रकट होतात. पहिली कळ अग्निबाणाची, दुसरी क्षेपणास्त्रांची, तिसरी गिरमिटाची आणि चौथी रडारची. अशा एकूण चाळीस कळा वर्षभरात एकेक करून पुढे आल्या. त्या खेळणी म्हणूनही विकल्या जात, हे येथे सांगितलेच पाहिजे. या परंपरेत कथा आणि खेळण्यांचा व्यापार आरंभापासूनच एकत्र नांदत आले आहेत. १९७१ च्या मालिकेची चित्रे ज्या खाऊच्या पाकिटाबरोबर मिळत, तो खाऊ फेकून देऊन मुले केवळ चित्रे ठेवून घेत. याबद्दल त्या काळी जपानमध्ये बरीच ओरड झाली होती.

पराभूत राक्षसाचे येथे जे होते ते लक्षात घेण्याजोगे आहे. स्फोट होतो, पण विद्यार्थी मरत नाही. गेंतारो ती कळ उचलून त्याच्यापाशी नेतो, कळ बंद केली जाते आणि ती नाहीशी होते. त्यानंतर उरतो तो एक खजील मुलगा, ज्याच्याशी दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसायचे आहे. १९७१ च्या नायकाला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

तिसऱ्या भागात शाळेच्या ‘राणी’ची निवडणूक आहे व शीर्षकही तेच. स्पर्धेतील मुलींवर हल्ले होऊ लागतात. सरड्याच्या तारकासमूहाचे रूप घेऊन ते करणारी मुलगी निघते ती खुद्द मिउच्याच परिवारातील. सरड्याची निवड समर्पक आहे. बड्या माणसाच्या सावलीत राहणाऱ्याला रंग बदलावेच लागतात. दोन भागांची ही कथा संपते तेव्हा गर्विष्ठ मिउ नायकाच्या बाजूची झालेली असते. पाचव्या-सहाव्या भागांत संधिसाधू ‘जेके’, सातव्या-आठव्या भागांत दाइमोन्जी आणि नंतर अबोल, काळ्या वेशातील नोझामा तोमोको अशी एकेक पात्रे येऊन मिळतात. नायक, केंगो आणि नायकाची बालमैत्रीण जोजिमा युकी यांच्यासह या सर्वांचे ‘कामेन रायडर मंडळ’ बनते. शाळेतील छंदमंडळासारखे हे मंडळ चंद्रावर भरते! एकट्या स्वाराच्या जागी मंडळ ही या मालिकेची खरी नवता होय.

तिची उणीवही येथेच आहे. गेंतारोचे हस्तांदोलन, मुठीवर मूठ आपटण्याचा तो ठरीव विधी, हे मैत्रीचे प्रमाणपत्रच बनते. ज्याला मैत्री नको आहे त्याच्या नकाराला कथेत फारशी जागा उरत नाही. पहिल्या भागात केंगोला आलेला राग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. पुढे गेंतारोची मैत्री तो स्वीकारतो, पण सहजासहजी नाही, आणि त्याच्या या अनिच्छेमुळेच आरंभीच्या भागांना वजन आले आहे. उत्तरार्धात शाळेचा संस्थापक गामोउ व राशिचक्रातील बारा राक्षस यांचे मोठे कारस्थान उलगडत जाते. ते भव्य आहे. परंतु वर्गातील रुसव्याफुगव्यांतून राक्षस निर्माण होण्यातील जिव्हाळा त्यात राहत नाही. अखेरीस गेंतारो खुद्द गामोउलाही मित्र करतो.

गेंतारोची भूमिका सोता फुकुशी या नवोदित नटाने केली. यंत्रपोशाखातील फोर्झे मात्र सेइजी ताकाइवा या अनुभवी साहसपटूने उभा केला; मुखवट्यामुळे चेहरा दिसत नसताना केवळ खांद्यांच्या व मानेच्या हालचालींतून गेंतारोचा उनाड रुबाब त्याने टिकविला. रियो योशिझावा हा नट मालिकेच्या मध्यास ‘मेटिओर’ या दुसऱ्या स्वाराच्या भूमिकेत आला. २०२५ च्या ‘कोकुहो’ या चित्रपटाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

मालिकेच्या आरंभापूर्वी जेमतेम सहा महिने, ११ मार्च २०११ रोजी, ईशान्य जपानला भूकंप व त्सुनामी यांचा तडाखा बसला होता. इशिनोमोरी यांचा जन्म त्याच भागातील मियागी प्रांतातला. इशिनोमाकी शहरातील त्यांच्या चित्रकथांच्या संग्रहालयाचा तळमजला लाटेखाली गेला. संग्रहालय नोव्हेंबर २०१२ मध्ये पुन्हा उघडले. तोपर्यंत फोर्झेचे सर्व भाग दाखवून झाले होते. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०१२ मध्ये, प्रदर्शित झालेल्या चित्रपटात पाच वर्षांनंतरचा गेंतारो दिसतो. तो अमानोगावा शाळेतच शिक्षक झालेला आहे.