वाळवणाचें यंत्र घेतांना

न शिजविलेलेंच अन्न खाणाऱ्या गिऱ्हाइकांसाठीं फळें व भाज्या वाळवूं इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनीं यंत्राच्या आकाराआधीं दोन गोष्टी पाहाव्या, असें आम्हांस वाटतें.

पहिली, उष्णता. सुमारें ४० ते ४८ अंश सेंटिग्रेडच्या वर तापलेला माल हे लोक कच्चा मानीत नाहींत. म्हणून थर्मोस्टॅट भरंवशाचा असावा. दुसरी, वारा. तासगांवचा बेदाणा सावलींत वाऱ्यावरच वाळतो. पंखा पाठीमागें असल्यास सर्व ट्रेंवर वारा सारखा खेळतो. तळाशीं असल्यास ट्रे वरचेवर खालींवर करावे लागतात.

इतक्या मंद उष्णतेनें जंतु मरत नाहींत, हें विसरूं नये. माल स्वच्छ धुवावा, पातळ कापावा व पूर्ण वाळल्यावरच हवाबंद भरावा. ओल राहिल्यास बुरशी येऊन सर्व श्रम व्यर्थ जातात.